एकही ओळ न कापता

फ्रेमवाल्याने प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शेवटची चौकट खिळ्याला अडकवली, दोन पावलं मागे सरून मान तिरकी केली आणि समाधानाने म्हणाला, "बघा मॅडम. एकही ओळ कापली नाही."

भाचीने पाहिलं. चौकटीत उजवीकडे तिची कविता होती, ठळक, रेखीव अक्षरांत. डावीकडे आत्याचं चित्र. कवितेत एक माणूस दाराबाहेर पडत होता आणि त्याची एक टाच अजून आत राहिली होती. चित्रात खोली होती, टेबल होतं, टेबलावर अर्धा प्यालेला चहा होता. दार नव्हतं. टाचही नव्हती.

ती शेजारच्या चौकटीकडे गेली, मग त्यापुढच्या. पुढे तर ती जवळजवळ धावतच सुटली. सगळीकडे तेच.

"चित्रांच्या कडा कुठे आहेत? कडेला माणसं होती!"

"ती होय?" फ्रेमवाला हातोडी पिशवीत टाकत म्हणाला. "अहो, कविता पडल्या लांबलचक. चौकटी सगळ्या एका मापाच्या. कुठून तरी जागा काढायला हवी ना? तुम्ही फोनवर बजावलं होतं, ओळीला हात लावायचा नाही. मग कडेचं काढलं. तशीही ती माणसं अर्धवटच होती. कुणाचं कोपर, कुणाची वेणी. घरगुती फोटोत कडेला असं कुणी अर्धं आलं की आम्ही काढूनच टाकतो. आजवर कुणी तक्रार नाही केली."

"आणि ते तुकडे?"

"तुकड्यांचं काय करणार? कचऱ्यात गेले." तिचा चेहरा पाहून त्याचा आवाज खाली आला. "चुकलं का काही?"

काय सांगणार त्याला? आत्या चित्र कडेपासूनच सुरू करायची. आधी निघालेलं माणूस, मग त्याच्यामागे उरलेलं घर. जन्मभर मागच्या खोलीत बसून तिने एवढंच काढलं आणि घरातल्या कुणी ते ढुंकून पाहिलं नाही. आता तिचे हात असे थरथरतात की पाण्याचा पेला धरवत नाही; ब्रश तर लांबच राहिला. नुसती चित्रं बघायला कोण येतं, असं म्हणून हॉलवाल्याने प्रदर्शनाला नकार दिला होता, तेव्हा भाचीने चित्रांवर कविता लिहायला घेतल्या. त्या ओढीने तरी लोक येतील, आत्याची चित्रं बघतील. प्रत्येक कविता कडेच्या माणसावर होती, कारण चित्राचा जीव तिथे होता. लिहिताना तिला आवरलं नाही एवढंच. चित्रांचे फोटो काढून ठेवावेत हेही सुचलं नाही. शब्दांत सगळं आलंय, मग फोटो कशाला? तिला स्वतःचीच किळस आली.

आत्या दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आज तिने ठेवणीतली शाल काढली होती. ती उठलेली दिसताच भाची आडवी गेली.

"आत्या, जरा थांब. नको बघूस आत्ता."

"माझीच चित्रं, आणि मीच बघू नको? चल, हो बाजूला."

आत्या पहिल्या चौकटीपाशी थांबली. कागद जिथे संपला होता तिथे तिने काचेवर बोट टेकवलं. बोट थरथरत राहिलं, काच टकटक वाजत राहिली.

"हे कुणी केलं?"

"मी कापलं आजी," फ्रेमवाला पुढे येऊन म्हणाला.

"मी सांगितलं त्याला," भाची म्हणाली. "म्हणजे... मी फक्त कवितेचंच सांगितलं."

"सगळी?"

"सगळी."

आत्याने बोट काचेवरून काढून घेतलं. रागावली असती तर भाचीला बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली, "वाच बघू, काय लिहिलंयस."

भाचीने वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आत्या कान देऊन ऐकत होती, हरवलेल्या माणसाबद्दल कुणाला काही माहीत असेल तर ऐकावं तशी.

"टाच कुठल्या पायाची होती? डाव्या की उजव्या?"

भाचीने कवितेकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं.

"ते... लिहिलेलं नाही."

"मलाही आठवत नाही आता," आत्या म्हणाली. "काढताना हात आपोआप काढायचा."

तेवढ्यात हॉलवाल्याने दारं उघडली. माणसं आली, अपेक्षेपेक्षा जास्त. भराभर चौकटींतल्या उजव्या बाजूच्या कविता वाचू लागली. कुणी कवितांचे फोटो काढले, कुणी भाचीशी हात मिळवला. फ्रेमवाला पिशवी घेऊन मागच्या दाराने निघून गेला.

पहिल्या चौकटीपुढे एक गृहस्थ बायकोला दाखवत होते. "चित्रात तसं काही नाही गं, साधी रिकामी खोली. पण या बाईंची नजर बघ! रिकाम्या खोलीत त्यांना माणूस जाताना दिसला. त्याची टाचसुद्धा दिसली!" शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीला आपला अडथळा होतोय असं वाटून ते आदराने बाजूला सरले. "या, पुढे या आजी. तुम्हाला दिसतो का हो कुणी त्यात?"

मागेच उभ्या असलेल्या भाचीने तोंड उघडलं. आत्याने तिचा दंड धरला आणि तिला गप्प केलं.

"मला कसा दिसेल हो?" ती म्हणाली. "मी कुठे कविता करते!"