निळं बी

कपातलं बी निळं झालं होतं. फिकट नव्हे, शाईच्या दौतीत बुचकळून काढल्यासारखं.

"धुऊन बघ," हर्मिनिया म्हणाली.

"आंटी, हे धुतल्यानं जात नाही," नोहेआ म्हणाली. ती पाहोआ गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी हर्मिनियाच्या मोहिमेसाठी घरोघरच्या पपईच्या बिया तपासायची. काळं साल काढलेलं बी रात्रभर औषधात भिजून पांढरंच राहिलं, तर झाड जुन्या वाणाचं. निळं झालं, तर रोग लागू नये म्हणून प्रयोगशाळेत जनुकं बदललेल्या वाणाचं. निळं निघालेलं झाड त्याच दिवशी तोडायचं, हा नियम मात्र हर्मिनियाचा. गेल्याच आठवड्यात शेजारच्या ओकामुराची तीन झाडं तिनं समोर उभं राहून तोडून घेतली होती. असलं खाऊन माणूस आतून सडतो, असंही त्याला सुनावून आली होती.

आणि आता हे तिच्याच स्वयंपाकघरामागचं झाड! आईनं फिलिपीन्सहून रुमालात बांधून आणलेल्या बियांचा वंश; त्यात कुठल्या तरी पिढीत शेजारचा पराग मिसळला असणार. एकदा ज्वालामुखीचा लाव्हा कुंपणापर्यंत आला, हे झाड बघून ओशाळला आणि ओकामुराच्या गोठ्याकडे वळला, असं हर्मिनिया सांगायची. लाव्हा वळला हे खरं. ओशाळला होता का, हे बघायला कोणी थांबलं नव्हतं.

तिचा नवरा बासिलियो टेबलाशी बसून पपई खात होता. पोटाच्या ऑपरेशनपासून आठ वर्षं सकाळचं दुसरं काही त्याच्या पोटात टिकत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला दोन वर्षं दिली होती. वरची सहा या झाडानं दिली, असं हर्मिनिया चर्चमध्ये उभं राहून सांगे.

"मला शंका होतीच," बासिलियो म्हणाला. "रोग आला तेव्हा गावातली जुन्या वाणाची सगळी झाडं मेली. आपलंच तेवढं टुणटुणीत. म्हटलं, तुझ्या जपमाळेचा गुण असेल."

"तू गप खा. नको, खाऊ नकोस!" तिनं वाटी ओढून घेतली. मग त्याच्यापुढे सरकवली. मग पुन्हा ओढली. "नोहेआ, हे विषच ना गं?"

"आपल्या मोहिमेच्या पत्रकात तसंच छापलंय, आंटी."

"पत्रक मीच लिहिलंय! मी तुला विचारतेय."

नोहेआनं बासिलियोकडे पाहिलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, गाल तुकतुकीत. सकाळीच छपरावर चढून पन्हळ साफ करून आला होता.

"कालपर्यंत मला माहीत होतं," ती पुटपुटली.

हर्मिनियानं कोयता उचलला, मागच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. "तोडलं तर उद्या हा काय खाईल? नाही तोडलं तर ओकामुराला कुठल्या तोंडानं भेटू?"

"निळं असेल ते तोडायचं, असंच ना?" बासिलियो म्हणाला. "मग आधी मला तपासा. आठ वर्षं, रोज एक वाटी. झाडात नसेल एवढं माझ्यात असेल." आणि त्यानं करंगळी कपात बुडवली.

"अंकल! माणसाचं असं नाही कळत!"

"का नाही?"

नोहेआनं कप त्याच्यापासून दूर सरकवला.

"इथं नीट दिसत नाही," हर्मिनिया म्हणाली. तिनं कोयता खाली ठेवला, नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत दारातल्या उन्हात आणलं. दोघी त्या ओल्या करंगळीवर वाकल्या. हर्मिनियानं तर श्वासही रोखला होता.

बासिलियो उठताना वाटी घेऊनच आला होता. मोकळ्या हातानं त्यानं ती तोंडाला लावली आणि तळाचा रस पिऊन टाकला.