ग्रीन टीचा गुण

डॉक्टरांनी शिंप्याच्या बायकोला वजन कमी करायला सांगितलं आणि घरातून दूध-साखरेचा चहा हद्दपार झाला. ती रोज सकाळी दोन कप ग्रीन टी करायची. एक स्वतःला आणि एक नवऱ्याला, सोबत म्हणून. तो बिचारा काढा प्यावा तसा डोळे मिटून घशाखाली उतरवायचा.

पहिल्या रविवारी तिने तिचा निळा ड्रेस घालून पाहिला, तर कमरेत होता तसाच घट्ट. तिचं तोंड एवढंसं झालं. शिंप्याला काही ते बघवेना. ती बाजारात गेल्यावर त्याने ड्रेसच्या दोन्ही बाजू उसवल्या, आतलं जास्तीचं कापड सूतभर सोडलं आणि पुन्हा शिलाई मारली.

पुढच्या रविवारी ती आरशासमोर गिरकी घेत ओरडली, "अहो, गुण आला बघा! कंबर सैल झाली!" मग काय, शेजारणी झाल्या, नणंद झाली, फोनवर बहीण झाली, सगळ्यांना तिने ग्रीन टीचे फायदे ऐकवले. शिंपी मात्र दर आठवड्याला गुपचूप शिवण सोडत राहिला.

सहाव्या आठवड्यात सोडायला कापडच उरलं नाही. रविवारी तिने ड्रेस चढवला, तेव्हा तो मान खाली घालून उगाचच सुईत दोरा ओवत बसला.



कमरेवरून हात फिरवत ती म्हणाली, "आतलं कापड संपलं वाटतं? असू दे. दुधाचा चहा टाकते."