डेलियाच्या फोटोची कापलेली बाजू

“नाव सापडल्याशिवाय मी हलणार नाही, सिस्टर,” फिंटन स्काहिल म्हणाला आणि त्यानं आईचा फोटो टेबलावर ठेवला.

सिस्टर अट्रॅक्टा नव्वदीच्या. मठातले जुने फोटो, प्रार्थनेची चित्रं, मयताची कार्डं, सगळं त्याच सांभाळत. त्यांनी चष्मा पुसला. “बस तर खरं, पोरा. सत्त्याहत्तरीत एवढी घाई बरी नव्हे.”

फोटोत फिंटनची आई डेलिया नवरीच्या पांढऱ्या झग्यात उभी होती. डोक्यावर जाळीचं वस्त्र, हातात फुलं. तिच्या शेजारून मात्र फोटो कात्रीनं सरळ कापलेला. नवऱ्याचा पत्ताच नाही.

तो पत्ता डेलियानं मरेपर्यंत दिला नाही. फिंटननं बापाचं नाव विचारलं की ती गुपचूप चहा ओतायची. तिचे आईबाप लवकर गेलेले. घरात ती आणि धाकटी बहीण नोरा, दोघीच. नोराही फिंटन तान्हा असतानाच गेली. मग काय, गावाला रानच मोकळं! पोरं फिंटनला बिनबापाचा म्हणून चिडवायची. चर्चमध्ये डेलिया शेवटच्या बाकावर बसायची आणि त्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे.

आता तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या प्रार्थनेआधी थडग्यावर दगड बसवायचा होता. त्यावर ‘अमक्याची पत्नी’ असं कोरून फिंटनला गावाची तोंडं एकदाची बंद करायची होती. लग्न तर झालेलंच, हा फोटोच पुरावा! फक्त नाव हवं होतं. फोटोमागे फोटोग्राफरचा शिक्का होता आणि त्या फोटोग्राफरच्या साऱ्या निगेटिव्हच्या काचा त्याच्या पश्चात या मठात येऊन पडल्या होत्या.

सिस्टरनी बराच वेळ फोटो न्याहाळला. मग एका खोक्यातून काच काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

काचेवर सगळं उलटं होतं. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. त्यातून काळ्या झग्यातली डेलिया हळूहळू ओळखू आली. तिच्या शेजारी आणखी एक नवरी होती. तिच्यापलीकडे आणखी एक. चर्चच्या पायऱ्यांवर नवरी मुलींची अख्खी ओळ उभी होती आणि त्यात पुरुष औषधालासुद्धा नव्हता.

“नवरा कुठंय?” त्यानं विचारलं.

“नवरा देव, वेड्या! मठात दीक्षा घेताना मुली अशाच नटायच्या. मग आत नेऊन केस कापायचे आणि मठाचा झगा चढवायचा. मीही नटले होते. आरशात बघून स्वतःवरच भाळले, त्याचं पाप अजून फेडतेय.”

जिच्या शेजारी बसायला गाव विटाळ मानत होतं, ती देवाची नवरी! फिंटनचे हात आपोआप जुळले.

“मग ती मठात का राहिली नाही?”

“महिन्याभरात निघून गेली म्हणे, कापलेल्या केसांनिशी. म्हाताऱ्या सिस्टर कुजबुजायच्या, बाहेर कुणीतरी पुरुष होता तिचा.”

“असणारच,” फिंटन कसानुसा हसला. “नाहीतर मी कुठून आलो?”

सिस्टरनी त्याच खोक्यातलं एक छोटं छापील कार्ड त्याच्या हातात दिलं. दीक्षेच्या दिवशी पाहुण्यांना वाटलेलं. त्यावर डेलियाचं नाव होतं. खाली छापलं होतं, फेब्रुवारी १९४७.

फिंटननं ते दोनदा वाचलं.

“सिस्टर, दीक्षेआधी मुली घरी असायच्या?”

“छे रे! सहा महिने तरी आधीच मठात. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. घरचं मयत असलं तरी सोडत नसत. का रे? पांढराफटक का पडलास?”

“दीक्षेच्या दिवशी मी महिन्याचा होतो,” फिंटन म्हणाला. “आणि घरात फक्त नोरामावशी होती.”