हमालाची पोरगी

भूमिकानं लिंक्डइनवर लिहिलं होतं, "बाबांनी कळमन्याच्या बाजारात पोती उचलून मला शिकवलं." हजारो अनोळखी लोकांनी तिच्या जिद्दीला सलाम ठोकला. कंपनीच्या साहेबांनीही पोस्ट वाचली. त्यांनी तिला बढती दिली आणि त्याच कार्यक्रमात बाबांचा सत्कार ठेवला. बाबांना त्यांनी स्वतः फोन केला, पोस्टही पाठवली.

बाबा म्हणजे रुपराव मास्तर, सक्करदऱ्याच्या शाळेतून गणित शिकवून रिटायर झालेले. पोस्ट वाचूनही ते घरी एक शब्द बोलले नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी ते ऑफिसच्या गेटपाशी ऑटोतून उतरले. अंगात चुरगळलेला जुना सदरा होता, खिशाला नेहमीचा पेन नव्हता. एक खांदा खाली टाकून चालत होते.

भूमिका धावत गेली. "बाबा, असे काहून चालून राहिले? दुखते का काही?"

"नाही वं," ते हळूच म्हणाले. "चार लोकांत तू खोटी पडाले नाही पाहिजे. हमाल कसे चालतेत, ते काल कळमन्याले जाऊन पाहून आलो."