आठ प्लेटा

सुदर्शन आधी स्कूटरमधलं पेट्रोल काढून घ्यायचा, मग बायकोला, हर्षालीला, मारायचा, म्हणजे तिला निरगुडसरला माहेरी पळता यायचं नाही. यंदा तिनं पगारातून विजेवरची चारचाकी गाडी घेतली, स्लॅबवर सोलरच्या आठ प्लेटा बसवल्या. आज दुपारी तिचा ओठ फोडून तो पहार घेऊन शिडीनं वर चढला. “आता कशी जातीस तेच बघतो,” म्हणत त्यानं पहिली प्लेट फोडली. शेतातला सोलर पंप ढग आला की थांबतो, तशी गाडीही थांबणार, ही त्याची समजूत. गाडी सकाळच्या उन्हातच पुरती चार्ज झालीय, हे तिनं सांगितलं नाही. “फोडा तुमी,” एवढंच म्हणून तिनं चार्जिंगची वायर उपसली, लेकीला गाडीत बसवलं, शिडी काढून आडवी ठेवली. आवाज न करता गाडी फाटकाबाहेर पडली. मागे घाव पडतच होते, लग्नानंतर पहिल्यांदाच दुसऱ्या कशावर तरी.