धरलेली जागा

“इथे कोण बसतं हो?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून पेईशानने रिकाम्या खुर्चीलाच विचारलं.

सिंगापुरात टिश्यूची पुडी ठेवली की जागा धरली. आईबाबांच्या नूडल्सच्या स्टॉलसमोर या खुर्चीवर रोज पुडी असायची. दुपारी कितीही गर्दी उसळली तरी तिला कुणी हात लावत नसे.

“बसून दाखव, शहाणे,” मैत्रिणी म्हणाल्या.

पेईशानने पुडी खिशात टाकली आणि ती ऐटीत बसली.

मैत्रिणींचं हसू थांबलं. “अगं, ही गेली कुठे?”

“इथेच तर आहे मी.”

कुणीच तिच्याकडे वळलं नाही. आईने येऊन टेबल पुसलं, नवी पुडी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

“धरलीस ना जागा?” बाबांनी स्टॉलवरून विचारलं.

“आई, बाबा, मी तुम्हाला दिसेपर्यंत इथून उठणार नाही.”