दोरीच्या पुढे

"ही धर, आई," मुलाने दोरीचं टोक तिच्या हातात दिलं. "तुझ्या खोलीपासून थेट न्हाणीघरापर्यंत. कुणाला हाक मारायला नको."

आईला जन्मापासून दिसत नव्हतं. लहानपणी गाव सोडून अंधशाळेत गेली, ती शहराचीच झाली. आदला अख्खा दिवस गाडीत बसून तिची हाडं खिळखिळी झाली होती. वाटभर मुलगा डोंगर किती हिरवे, आभाळ केवढं मोकळं ते सांगत होता आणि ती त्याचं मन राखायला हं हं करत होती. माहेरी चार दिवस हवापालट, एवढंच तिला ठाऊक होतं. सकाळी चहा घेताना तिचा भाऊ बोलून गेला, की ही खोली आता कायमची तुझीच. तेव्हा कुठे तिला मुलाचा बेत कळला. तिच्या शहरातल्या घराला भाडेकरूही बघून झाला होता.

तसं मुलाचंही चूक नव्हतं. तो नोकरीला लांब. इकडे आई भर रहदारीत एकटी काठी आपटत फिरते, याचा त्याच्या जिवाला घोर. आणि भाऊ तर देवमाणूस. बहीण पडू नये म्हणून त्याने स्वतः खांब रोवले, दोरी ताणून बांधली, वाटेतले दगड वेचून काढले.

ती दोरी धरून निघाली. काठी मऊ मातीत रुतत होती. आपटली तरी आवाज नाही. शहरात काठी वाजली की दुकानाचं शटर, बोळाचं तोंड, उभी गाडी, जो तो आपापल्या आवाजात उत्तर देई. इथे उत्तर द्यायला भिंतच नव्हती. लोक जिचे गोडवे गातात ती शांतता तिच्या अंगावर काळोखासारखी आली. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिने उभी हयात काढली होती. गलक्यातच तिला चार गोष्टी कळायच्या.

न्हाणीघराच्या दाराशी दोरी संपली. तिने पुढे हात फिरवला. हाताला नुसता वारा लागला.

"याच्या पुढे?" तिने विचारलं.

"पुढे कशाला जायचंय तुला, ताई?" भाऊ मायेने म्हणाला.

शेजारच्या गोठ्यात गाय हंबरली. आई हसली. "तिलाही एवढंच लांब दावं देतोस का रे?"

भावाला बोलणं लागलं. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला, तुझ्या मायेत खोट नाही म्हणाली, आणि मुलाला गाडी काढायला सांगितलं. मुलाने समजावलं, आवाज चढवला, शेवटी हात टेकले. तिची पिशवी अजून सोडलेलीही नव्हती.

परतीच्या वाटेवर मुलगा गाल फुगवून बसला. डोंगरांचं नावही काढलं नाही. दिवेलागणीला गाडी शहरात शिरली. हॉर्न, भांडणं, फेरीवाल्यांच्या आरोळ्या. तिने काच खाली केली, तसा भसकन धूर आत आला. ती सरसावून बसली.

घरासमोर जागा नव्हती, म्हणून गाडी रस्त्याच्या अलीकडे लावावी लागली. मुलाने तिचा दंड धरला. एखाद्या दिवशी इथेच पडशील, म्हणाला.

"पडेन तर माझ्या पायांनी पडेन," तिने दंड सोडवून घेतला.

ती कडेला मान तिरकी करून उभी राहिली. मोटारींची घरघर मंदावली, एक बस फुसकारून थांबली. काठी पुढे करून ती निघाली आणि सरळ पलीकडे गेली. पिशवी काढण्यात मुलगा मागे राहिला. त्याने रस्त्यावर पाय टाकला, तोच सिग्नल सुटला. तो उडी मारून मागे आला. पुन्हा पुढे झाला, पुन्हा मागे. पिशवी छातीशी धरून तो तसाच उभा राहिला.

पलीकडून बोर्डावरचा तो जुना खणखणीत आवाज आला.

"घाबरू नकोस रे. मी सांगते तेव्हा ये."